इनोव्हाचा मागचा वायपर: रबर बदलायचं, ब्लेड बदलायचं की अख्खा आर्म?

तुमची गाडी २०१० सालची इनोव्हा, सेकंड हँड घेतलेली, गाव चिपळूण. मागच्या वायपरचं रबर एका टोकाने सुटून लोंबतंय आणि वायपर लावला की काचेवर खरखर ऐकू येते. वर्कशॉपवाले म्हणाले, ‘नुसतं ब्लेड मिळत नाही, आर्मसकट सेट बदला.’ (आर्म म्हणजे ब्लेड धरून फिरणारा दांडा.) बाजारातल्या दुकानदाराने ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ म्हणून दिलेलं ब्लेड बसलंच नाही. आता तुम्ही विचारताय की नेमकं कुठलं ब्लेड घ्यायचं, ते घरी बसवता येईल का, आणि एवढी कटकट असेल तर मागचा वायपर काढूनच टाकला तर काय बिघडतं.

सगळ्यात आधी, तो वायपर आजपासून बंद ठेवा. खरखर येते याचा अर्थ रबराच्या आतली पोलादी पट्टी किंवा ब्लेडचा सांगाडा काचेला घासतोय. काचेवर पडलेला खोल ओरखडा निघत नाही. पॉलिश करून घालवतो म्हणणारे भेटतील, पण खोल ओरखडा घासून काढला की तेवढ्या भागातून रस्ता वेडावाकडा दिसतो. नख फिरवून बघा. नख अडलं तर तो ओरखडा आता कायमचा. नख सरळ गेलं तर ती बहुतेक नुसती घाण किंवा रबराचा माग असेल, आणि ते धुतल्यावर जाईल.

आता मुद्द्याचं. तुम्ही साइज विचारताय, पण तुमचं अडलंय ते साइजवर नाही, जोडावर, म्हणजे ब्लेड आर्मला जिथे अडकतं तिथे. पुढच्या वायपरला बहुतेक जुन्या गाड्यांत एकच सोय असते: आर्मचं टोक वाकवून केलेला हूक. त्यामुळे पुढे कुठलंही ब्लेड आणलं तरी चालून जातं आणि आपल्याला वाटतं मागेही तसंच असणार. मागे मात्र कंपन्यांनी जागेप्रमाणे आपापली वेगळी पकड केलेली असते. दुकानदाराने लांबी बरोबर दिली असेलही, पकड जुळली नसणार.

त्यात तुमची गाडी जुनी आणि आधी दुसऱ्याच्या हातातली. पहिल्या पिढीची इनोव्हा आपल्याकडे २००५ ते २०१६ विकली गेली. एवढ्या वर्षांत आधीच्या मालकाने मागे काय बसवलं असेल याचा भरवसा नाही. कुणी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना आर्म आणून लावलेला असतो, कुणी पुण्यात नाना पेठेतून दुसऱ्याच गाडीचा. म्हणून मी ग्राहकाला गाडीचं साल आणि मॉडेल विचारून ब्लेड देत नाही. जुनं ब्लेड काढून हातात घ्या किंवा जोडाचा जवळून फोटो काढा, आणि दुकानात ते दाखवा. फोन करून ‘इनोव्हाचं मागचं ब्लेड आहे का’ विचारलंत तर उत्तर ‘आहे’ असंच येणार.

मागच्या जोडाचे साधारण तीन प्रकार समोर येतात. पहिला हूकचाच, फक्त पुढच्यापेक्षा लहान. यात आर्मचं टोक उलट्या वळणाचं असतं आणि ब्लेडमधला प्लास्टिकचा तुकडा त्या वळणात अडकलेला असतो. तुकड्याला एक जीभ असते. ती दाबायची आणि ब्लेड आर्मच्या बुडाकडे सरकवायचं, म्हणजे ते हूकातून सुटतं. दुसऱ्या प्रकारात आर्मच्या टोकाला आडवी दांडी असते आणि ब्लेडच्या मधल्या प्लास्टिकच्या खाचेत ती खटक्याने बसलेली असते. हे ब्लेड ओढून निघत नाही. ब्लेड आर्मपासून बाहेरच्या बाजूला फिरवत न्यायचं, जवळजवळ काटकोनापर्यंत, मग टक्‌ असा आवाज येतो आणि ते सुटतं. ओढाताण केली की खाचेचे कान तुटतात. तिसरा प्रकार म्हणजे आर्म आणि ब्लेड दोन्ही प्लास्टिकचे आणि एकमेकांसाठीच बनवलेले. नव्या हॅचबॅकमध्ये हे फार. ‘नुसतं ब्लेड मिळत नाही’ हे वाक्य खरं ठरलंच तर इथे ठरतं, आणि इथेही दर वेळी नाही.

तुमचा आर्म पत्र्याचा, काळा रंग दिलेला असेल तर तुम्ही पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकारात आहात, आणि मग आर्मसकट सेट घ्यायची गरज नुसत्या रबरासाठी पडत नाही.

वर्कशॉपवाल्यांना मी लगेच लबाड म्हणणार नाही. त्यांच्या कॉम्प्युटरवर पार्ट नंबर जसा येतो तसा ते मागवतात. शिवाय त्यांनी नुसतं ब्लेड बदलून दिलं आणि आर्म सैल निघाला, तर तुम्हीच आठवड्याने परत जाऊन ओरडणार. सेट बदलणं त्यांना सुरक्षित वाटतं. तुम्ही घरचं काम करताय, तुम्हाला तपासायला वेळ आहे. तेव्हा खर्च करण्याआधी आर्म खरंच गेलाय का ते बघा.

बघायचं असं. आर्म काचेपासून दोन बोटं उचला आणि हात न सोडता हळूहळू खाली येऊ द्या. स्प्रिंग तुमचा हात काचेकडे ओढतेय असं जाणवलं पाहिजे. ओढ अजिबात जाणवत नसेल, आर्म अर्ध्यावर हवेतच थांबत असेल, तर दोन शक्यता. एक, स्प्रिंग मेली. दोन, आणि आमच्याकडे कोकणातून वर येणाऱ्या गाड्यांत हीच जास्त, स्प्रिंग ठीक आहे पण आर्म ज्या पिनवर वाकतो ती पिन गंजून जाम झालीय. चिपळूणला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. मागचा वायपर त्या मानाने कमी वापरला जातो, आर्म तर वर्षवर्ष वर उचललाच जात नाही. पिन जाम व्हायला आणखी काय हवं? जाम पिनचा आर्म काचेवर दाब देत नाही आणि नवं कोरं ब्लेड घातलं तरी मधला भाग पुसला जात नाही. मग लोक ब्लेडला शिव्या देतात.

जाम पिन सुटते. सांध्यावर डब्ल्यूडी-४० सारखं गंज सोडवणारं तेल मारा, तासभर थांबा, मग आर्म सावकाश वर-खाली करत राहा. आधी कुरकुर करतो, लालसर तेल बाहेर येतं, मग मोकळा होतो. मोकळा झाला की जुनं तेल पुसून एक थेंब इंजिन ऑइलचा सोडा. हे करताना खाली काचेवर जुना टॉवेल टाका, म्हणजे गंजाचं पाणी काचेवर वाळत नाही. इतकं करूनही ओढ येत नसेल तर आर्म बदला, वर्कशॉपवाले बरोबर होते.

आर्म बदलायची आणखी दोन कारणं. बुडाशी धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर सांध्यातच खेळ जाणवतो, म्हणजे पिनचं भोक मोठं झालंय. किंवा मोटर फिरल्याचा आवाज येतो आणि आर्म जागचा हलत नाही, म्हणजे बुडातले दाते गेलेत. ज्या दांड्यावर आर्म बसतो त्या स्पिंडलला बारीक उभे दाते असतात आणि आर्मच्या भोकात ते घट्ट रुतलेले असतात. आर्म धरून ठेवणारा नट सैल राहिला की स्पिंडल आतल्या आत फिरतो आणि आर्मचे मऊ दाते घासले जातात. कधीकधी नुसता नट आवळून काम भागतं, तेव्हा आर्म मागवायच्या आधी त्याच्या बुडाची प्लास्टिकची टोपी उघडून नट बघा.

यातलं काही नसेल तर प्रश्न रबराचा किंवा ब्लेडचा. तुमचं रबर एका टोकाला लोंबतंय ना? ज्या टोकाला लोंबतंय तिथे नीट बघा. ब्लेडच्या एका टोकाला पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या दोन चिमट्या असतात आणि रबराच्या पाठीत त्या बसण्यासाठी खाच असते. तिथेच रबर अडकवलेलं असतं, दुसऱ्या टोकाला ते मोकळं असतं. खाचेपाशी रबर फाटलंय आणि चिमट्या शाबूत आहेत, तर नुसतं रबर बदलून चालेल. चिमटी तुटलीय किंवा वाकलीय, तर ब्लेडच बदला. नवं रबर घातलंत तरी पहिल्याच पावसात सरकून बाहेर येईल.

नुसतं रबर घालणं पैशात स्वस्त पडतं, पण मी घरी करणाऱ्याला हा मार्ग तेव्हाच सुचवतो जेव्हा ब्लेडचा सांगाडा मूळचा, दणकट असेल. रबराच्या दोन बाजूंनी लांबभर दोन पोलादी पट्ट्या असतात. जुन्या रबरातून त्या काढून नव्यात घालायच्या असतात आणि घोळ तिथेच होतो. पट्ट्यांना किंचित बाक असतो, तो दोन्हींचा एकाच दिशेला हवा, काचेच्या वळणाला धरून. पट्टीच्या कडेला बारीक खाचा असतात, त्या रबरावरच्या उंचवट्यांना जुळल्या पाहिजेत. उलट्या घातल्या तर रबर बसलंय असं वाटतं आणि वायपर दहा फेऱ्या मारेपर्यंत ते हळूहळू एका बाजूने चालत बाहेर येतं. काढताना जुन्या ब्लेडचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, दोन्ही टोकांचा. रबर दुकानातून घेताना पाठीची रुंदी जुन्याशी लावून बघा. लांब असेल तर कात्रीने मोकळ्या टोकाकडून कापता येतं, खाचेच्या टोकाकडून नाही.

सांगाडा डगमगता असेल, रंग उडून गंज फुटला असेल, सांधे खुळखुळत असतील तर रबराच्या नादी लागू नका. मागचं ब्लेड काही शे रुपयांत येतं.

लांबीचं म्हणाल तर टेप घ्या आणि रबराची टोकापासून टोकापर्यंतची लांबी मोजा. मागची ब्लेडं सहसा १० ते १६ इंचांत असतात. १२ इंच म्हणजे साधारण ३०५ मिलिमीटर, १४ म्हणजे ३५५, १६ म्हणजे ४०५. मधलीच संख्या आली तर लहान घ्या. एक इंच लहान ब्लेडने बिघडत नाही, कडेची पट्टी तेवढी कमी पुसली जाते. एक इंच मोठं मात्र काचेच्या कडेच्या रबराला किंवा चौकटीला जाऊन धडकतं, आणि प्रत्येक धडकेचा दणका मोटरच्या आतल्या गिअरला बसतो. मोठं ब्लेड वळणदार काचेवर टोकाला उचललंही जातं. आधीच्या मालकाने चुकीचं ब्लेड बसवलेलं असू शकतं, म्हणून काचेवर वायपरची कमान कुठपर्यंत उमटलीय तेही बघून घ्या.

आता बसवणं. ज्याने कधी गाडीचा बोल्ट सोडवला नाही असा माणूसही हे करू शकतो, एका गोष्टीचं भान ठेवलं तर. पुढची काच दोन थरांची असते, दगड लागला तर तडकते पण जागेवर राहते. मागची काच टफन केलेली असते. एका बिंदूवर नेमका फटका बसला की अख्खी काच क्षणात हरभऱ्याएवढ्या तुकड्यांचा ढीग होते. ब्लेड काढलेला आर्म म्हणजे स्प्रिंगवर ताणलेली लोखंडी चोच. हात सुटला तर ती थेट काचेवर आपटते. काही शे रुपयांच्या ब्लेडापायी हजारोंची काच जाते ती इथेच. म्हणून आर्म उचलण्याआधी काचेवर जाड टॉवेल चौपदरी करून ठेवा, टेपने चिकटवा, आणि ब्लेड निघालं की आर्म टॉवेलवर हाताने टेकवा. हवेत उभा ठेवून नवं ब्लेड शोधायला घरात जाऊ नका.

मागचा आर्म बऱ्याच गाड्यांत पुढच्यासारखा सरळ उभा राहतही नाही. थोडा उचलला की अडतो. जोर लावू नका, सांध्याची रचनाच तशी आहे. ब्लेड सोडवायला जागा पुरत नसेल तर वायपर चालू करा, आर्म काचेच्या मध्यावर आला की इग्निशन बंद करा. आर्म तिथेच थांबतो आणि हाताला जागा मिळते. किल्ली मात्र काढून खिशात ठेवा. घरातल्या कुणी गाणी लावायला किल्ली फिरवली तर वायपर आपल्या जागी परत निघतो, आणि तुमची बोटं मध्ये असतात.

नवं ब्लेड लावताना खटका ऐकू आला पाहिजे. ऐकू आला नाही तर ओढून बघा. नव्या ब्लेडबरोबर पाकिटात दोन-तीन वेगवेगळे प्लास्टिकचे तुकडे येतात, त्यातला तुमच्या जोडाला बसणारा कुठला ते जुन्या ब्लेडमधला तुकडा शेजारी ठेवून ठरवा. उरलेले फेकू नका, जुन्या ब्लेडचा तुकडाही ठेवा. पुढच्या वेळी नवीन ब्लेडचा तुकडा बसला नाही तर कधीकधी जुनाच चालून जातो.

आर्मच बदलायचा असेल तर काम थोडं वाढतं. आधी वायपर चालवून नेहमीसारखा बंद करा, म्हणजे मोटर आपल्या विश्रांतीच्या जागी येऊन थांबते. मग ब्लेड जिथे टेकलंय तिथे काचेवर मास्किंग टेपची पट्टी लावा. ही खूण नसेल तर नवा आर्म दोन दाते इकडे-तिकडे बसतो आणि वायपर एकतर चौकटीला ठोकर मारतो किंवा काचेच्या मध्यावर येऊन थांबतो. बुडाची प्लास्टिकची टोपी नखाने उघडा. आत नट असतो, १० ते १३ मिलिमीटरमधली कुठलीतरी गोटी (सॉकेट) बसते. नट काढला तरी आर्म सहसा निघत नाही. आर्मचं बूड बऱ्याचदा हलक्या मिश्रधातूचं, स्पिंडल पोलादाचा, वर्षानुवर्षं पाणी मुरलेलं. मध्ये पांढरी पूड धरते आणि दोघे एकजीव होतात. नट दोन आटे ठेवून तेल मारा, थांबा, मग आर्म बुडाशी धरून हलक्या हाताने दोन्ही बाजूंना डोलवा. नाही निघाला तर बॅटरीचं टर्मिनल उपसायचा छोटा पुलर मिळतो, तो लावा.

स्क्रू ड्रायव्हर खाली खुपसून उचकटू नका, आणि स्पिंडलवर हातोडी तर मुळीच नको. काही गाड्यांत स्पिंडल पत्र्यातून बाहेर येतो, काहींत काचेला पाडलेल्या भोकातून. काचेतून येत असेल तर उचकटणं म्हणजे काच फोडणंच. पत्र्यातून येत असला तरी हातोडीचा मार आतल्या गिअरवर जातो. इतकं करून आर्म निघत नसेल तर गॅरेजवाल्याकडे न्या. त्यात कमीपणा नाही, दहा मिनिटांचं काम आहे त्याचं.

नवा आर्म बसवताना स्पिंडलचे दाते जुन्या टूथब्रशने साफ करा, खुणेवर ब्लेड आणा, दाबून बसवा, नट लावा. नट छोट्या पान्याने आवळा. लांब हँडल लावून जोर काढला की दाते सोलतात. मग काच ओली करून वायपर चालवा आणि तो खुणेवरच थांबतो का बघा. थोडी चूक असेल तर काढून एक दाता सरकवा.

आता एक गोष्ट, जी ब्लेड विकणारा सांगणार नाही. नवं ब्लेड घालूनही मागची काच नीट पुसली जात नाही अशा गाड्या खूप येतात आणि त्यात पुष्कळदा दोष काचेवरच्या थराचा असतो. आपल्या गाडीच्या आकारामुळे मागची काच घाण होते. इनोव्हा मागून खोक्यासारखी उभी. छपरावरून येणारी हवा मागच्या कडेला सुटते, गाडीमागे हवेचा भोवरा तयार होतो आणि चाकांनी उडवलेला चिखलाचा फवारा त्यात वर ओढला जाऊन काचेवर बसतो. उतरत्या काचेच्या सेडान गाड्यांना म्हणूनच मागे वायपर सहसा नसतो. कुंभार्ली घाटातून ट्रकांच्या मागोमाग आलेली गाडी बघा, पुढची काच ठीक आणि मागची मातकट. त्या चिखलात डिझेलचा धूर असतो, रस्त्यावरचं तेल असतं. त्याचा चिकट थर बसतो. वर वॉशिंग सेंटरवाला चकाकीसाठी सगळ्या गाडीवर पॉलिश फिरवतो, तेही काचेवर आणि रबरावर येतं.

म्हणून ब्लेड लावण्याआधी काच धुवा. नुसत्या पाण्याने नाही, भांडी घासायच्या लिक्विड साबणाने, स्पंजने, दोनदा. डांबराचे ठिपके असतील तर फडक्यावर थोडं रॉकेल घेऊन तेवढेच पुसा आणि लगेच साबणाने धुवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पांढऱ्या व्हिनेगरने भिजवून पुसा. काच साफ झाली हे ओळखायला पाणी टाकून बघा. पाणी सलग पातळ पसरलं तर साफ, जागोजागी फाटलं तर थर शिल्लक आहे. काचेच्या आतल्या बाजूला बारीक आडव्या रेषा दिसतात त्या धुकं घालवणाऱ्या हीटरच्या तारा. आतून घासणी किंवा पातं लावू नका, एक रेष तुटली की ती गेली. आतून ओलं मऊ फडकं, तेही रेषेच्या दिशेने.

रबराला डिझेल लावा, मऊ होतं, असं बरेच ड्रायव्हर सांगतील. लावल्यावर दोन दिवस मऊ वाटतं खरं. डिझेलने रबर फुगतं, कड गोल होते आणि मग ते पाणी पुसत नाही, पसरवतं. पॉलिश पेपरने कड घासणं हाही तसलाच उद्योग. वायपर बंद पडल्यावर काचेवर ओला तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायची जुन्या ड्रायव्हरांची युक्ती वेगळी. त्याने थेंब न होता पाणी पातळ पसरतं आणि घाट उतरून घरापर्यंत येता येतं. ती अडचणीची सोय, वायपरला पर्याय नव्हे. रबराची निगा म्हणजे आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने कड पुसणं. फडकं काळं होईल. काळं येईनासं होईपर्यंत पुसा.

आणखी एक सवय लावा. मागचा वायपर कोरड्या काचेवर कधीच फिरवू नका. पुढचा वायपर आपण पावसात लावतो, मागचा मात्र पाऊस थांबल्यावर, चिखल वाळल्यावर, ‘काही दिसेना’ म्हणून लावतो. वाळलेली माती म्हणजे वाळूच. आधी पाणी मारा, मग वायपर. पाणी येत नसेल तर मागचं नोझल टाचणीने मोकळं करा. तरी नाही आलं तर टाकीपासून मागच्या दारापर्यंत आलेली नळी बघायला हवी. दार उघड-मीट करताना वाकते तिथे ती चिरते. आतल्या बाजूच्या कापडाला ओल किंवा कुबट वास येत असेल तर तीच फाटलीय समजा.

बसवल्यावर जो दोष राहील तो काचेवर बघून ओळखता येतो. बारीक एक-दोन रेघा राहतात तिथे कडेला चीर आहे किंवा खडा अडकलाय. मधला रुंद पट्टा न पुसता राहतो तिथे दाब कमी, परत आर्मच्या पिनकडे बघा. जाताना स्वच्छ आणि येताना फरफर होत असेल तर रबराची कड एका बाजूला कायमची वळलीय. कड प्रत्येक फेरीत उलटली पाहिजे, तरच दोन्हीकडून पुसते. उन्हाळाभर एकाच जागी दाबून राहिलेलं रबर वातड होतं आणि उलटायचं विसरतं. नव्या रबरालाही फरफर होत असेल तर आर्म पिळलेला असतो, ब्लेड काचेवर काटकोनात उभं न राहता कललेलं दिसतं. पत्र्याचा आर्म कापड गुंडाळून पकडीने केसभर सरळ करता येतो, अर्थात ब्लेड काढून आणि टॉवेल खाली ठेवून. प्लास्टिकच्या आर्मला हे करू नका.

ब्लेड कधी घ्यायचं? मे महिन्यात. जूनच्या पहिल्या आठवड्यात कोकणात पाऊस उतरला की दुकानात तुमच्या मापाचं सोडून बाकी सगळं मिळतं. आपल्या उन्हात साधं रबर वर्ष-दोन वर्षं टिकतं, गाडी सावलीत असेल तर जास्त. सिलिकॉनची महाग ब्लेडं निघालीत. पुढे लावायला माझी हरकत नाही, मागे तो खर्च मी करणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, वायपर काढूनच टाकला तर. चालेल. इनोव्हाच्या अगदी साध्या मॉडेलना मागे वायपर नसायचाच, आणि त्या गाड्या लाखो किलोमीटर धावल्या. तुम्ही गाडी गावातल्या गावात वापरत असाल तर मी अडवणार नाही. पण तुम्ही चिपळूणला राहता, पावसाळ्यात घाट चढता-उतरता, रिव्हर्स कॅमेरा २०१० च्या गाडीत कंपनीने दिलेला नसणार. मी ठेवला असता. तरी काढायचाच असेल तर नुसता आर्म काढून स्पिंडल उघडा सोडू नका. मोटर आहे तिथेच राहू द्या, आतून तिचा प्लग सोडून टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे चुकून बटण दाबलं गेलं तरी ती फिरणार नाही. स्पिंडलच्या दात्यांना ग्रीस लावून त्यावर रबरी टोपी घट्ट बसवा. टोपी नसेल तर बाजूच्या पत्र्यापर्यंत येईल असं सिलिकॉन सीलंट लावा. नाहीतर पावसाचं पाणी स्पिंडलच्या बाजूने मागच्या दारात उतरतं, आणि दाराचा खालचा पत्रा आतून सडायला लागला की बाहेरून दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. काढलेला आर्म पिशवीत घालून डिकीत ठेवा. गाडी विकताना घेणारा तो मागतोच.